चारी चाकांची ओढ

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला की सेलूच्या भोवतालच्या पांदणी दोन दिवस माणसाच्या राहत नाहीत. चप्पल हातात घ्यावी लागते. मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये माती अशी ठासून बसते की काडीनं उकरल्याशिवाय चाक हलत नाही. आखाड्यावर जनावरांना वैरण टाकायला निघालेला गडी रस्ता सोडून धुऱ्याधुऱ्यानं जातो. अशाच एका संध्याकाळी आमची सफारी आखाड्यापासून हाकेच्या अंतरावर बसली. मागची चाकं जागच्या जागी फिरत होती. मी फोर व्हील ड्राइव्हचा नॉब फिरवला. डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर व्हायला हवा होता, तो नुसता लुकलुकत राहिला. पुढची चाकं मेल्यासारखी पडून होती. शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आला आणि साखळी लावून गाडी ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या गॅरेजवर उस्तादांनी गाडीखाली शिरून, पुढच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या ट्रान्सफर केसच्या मोटरचं सॉकेट काढलं आणि माझ्यासमोर धरलं. आतल्या पितळी पिना हिरव्या पडलेल्या होत्या.

"मालक, मोटर मेलेली नाही," ते म्हणाले. "तुम्ही तिला दोन वर्षं कामच दिलं नाही."

पेट्रोलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशनं त्यांनी पिना घासल्या, वाळवल्या, सॉकेट दाबून बसवलं. नॉब फिरवल्यावर खालून 'खट्' असा आवाज आला आणि दिवा लागून राहिला. फोर बाय फोर गाडी सांभाळणं म्हणजे काय, ते मला त्या आवाजानं शिकवलं.

ही गाडी पुण्याची. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९९१ मध्ये सिएरा आणली, १९९४ मध्ये सुमो, आणि १९९८ मध्ये सफारी. सुमोचं नाव कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मूळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ठेवलेलं, हे आपल्याकडं पुष्कळांना ठाऊक असतं. सफारीची पहिली इंजिनं दोन लिटरच्या आतली होती आणि एवढं अंग ओढताना दमायची. २००७ मध्ये २.२ लिटरचं डायकॉर इंजिन आलं, १४० अश्वशक्तीचं, आणि गाडीला तिच्या अंगाजोगा जोर मिळाला. २०१२ मध्ये स्टॉर्म आली. २०१७ मध्ये लष्करानं तीन हजारांवर सफारी स्टॉर्म मागवल्या. २०१९ मध्ये हे जुनं घराणं थांबलं. २०२१ मध्ये त्याच नावानं आलेली गाडी वेगळ्या सांगाड्यावरची आहे आणि ती फक्त पुढच्या चाकांवर चालते. म्हणून जुन्या फोर बाय फोर सफारीवाल्यांना आपली गाडी टिकवण्याशिवाय दुसरी वाट उरलेली नाही. सुटे भाग पुण्याहून, छत्रपती संभाजीनगरहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं येतात, आणि पार्सल उतरून घ्यायला पहाटे चौकात उभं राहावं लागतं.

चिखलात गाडी का बसते, हे आधी समजून घ्यायला हवं. डिफरन्शियलचं काम वळणावरचं. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, म्हणून ते दोघांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देतं. पण हाच गुण चिखलात आडवा येतो. जोर सोप्या वाटेनं जातो, म्हणजे जे चाक घसरतंय त्याच्याकडंच जातो आणि ज्याला पकड आहे ते स्वस्थ बसतं. पुढच्या ॲक्सललाही जोर मिळाला की निदान आणखी एका चाकाला जमीन धरायची संधी मिळते. फोर-लो टाकलं की गती कमी होते आणि ओढ सुमारे अडीच पट वाढते. त्यासाठी गाडी उभी करावी लागते, क्लच दाबावा लागतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर-हायमध्ये गाडी चालवू नये. पुढचा आणि मागचा ॲक्सल तेव्हा एकमेकांना जखडलेले असतात, वळणावर ते एकमेकांशी झगडतात आणि भुर्दंड गिअरना बसतो.

आमची माती हा या गोष्टीतला दुसरा नायक आहे. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली, कापसाची काळी माती. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचे थर पाणी पिऊन फुगतात आणि उन्हात आकसतात. मे महिन्यात वावरात अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. जूनमध्ये तीच माती टायरच्या खाचा भरून टाकते, आणि नक्षी कितीही महागाची असली तरी टायर गुळगुळीत होतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरकडं बघा. त्याच्या दांड्या एकमेकींपासून लांब आणि तिरक्या असतात, म्हणून फिरता फिरता माती आपोआप बाहेर फेकली जाते. गाडीला मड टायर घ्यायचे तर हेच बघून घ्यावेत. फार रुंद टायरचा मोह धरू नये. पहिल्या पावसानंतर वरचा वीतभर थर ओला आणि खाली जमीन घट्ट असते. अरुंद टायर चिरत खाली जाऊन ती घट्ट जमीन गाठतो, रुंद टायर वरच्या लोण्यावर तरंगतो.

आता एका नळीविषयी सांगतो, कारण तिच्याकडं फार कोणाचं लक्ष जात नाही. ॲक्सलच्या हाउसिंगवर बोटभर उंचीचं एक छोटं तोंड असतं, त्याला ब्रीदर म्हणतात. लांबच्या धावेनंतर हाउसिंग तापतं, आतली हवा फुगून तिथून बाहेर पडते. अशी तापलेली गाडी नाल्याच्या गार पाण्यात घातली की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरचं आत ओढून घेते. तेव्हा बाहेर पाणी असतं. ते ब्रीदरमधून किंवा ऑइल सीलच्या कडेनं आत शिरतं आणि गिअर ऑइलमध्ये घुसळलं जातं. महिन्याभरानं बोल्ट काढून बघितला तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. अशा ऑइलवर चाललेल्या क्राउन-पिनियनचा आणि बेअरिंगचा खर्च हजारांत जातो. उपाय स्वस्त आहे. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड वर इंजिनाच्या खोलीत बांधून टाकायचं. गाडीत केलेल्या सगळ्या बदलांमध्ये माझा सर्वांत आवडता हाच.

बाकीच्या बदलांबद्दल माझं मत कडक आहे. सफारीचं पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारवर असतं. बार आवळला की नाक दोन बोटं उचलतं, फुकटात. पण चाक खाली जायची जागा तेवढीच कमी होते, पुढचे शाफ्ट तिरके होतात, रबरी बूट फाटतात आणि आमची बारीक धूळ आत शिरते. उंच दिसणाऱ्या गाडीचं चाक खड्ड्यात लवकर हवेत लटकतं. पुढचं लोखंडी गार्ड तर केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरातच बंद करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतात की कंपनीच्या मूळ रचनेला छेद देणारा बदल चालत नाही. पंधरा वर्षं झालेल्या गाडीला पासिंगला जावं लागतं, हे गाडी सजवताना ध्यानात ठेवावं. पैसा खर्च करायचाच असेल तर पुढं-मागं चेसिसला पक्के बसवलेले ओढायचे हुक घ्या. साखळी बंपरला बांधून ओढलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, बंपर ट्रॅक्टरबरोबर गेला आणि गाडी तिथंच राहिली.

आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. दुधना नदीला पाणी वाढलेलं असताना चार चाकांची ओढ काही कामाची नाही. वाहत्या पाण्यात दोन टन वजनाची गाडीही उचलली जाते.

उरते ती रोजची सेवा. चिखलातून आल्यावर चाकांच्या कमानीतली माती ओली असतानाच पाण्यानं काढायची, वाळली की ती विटेसारखी बसते आणि खालचा पत्रा आतून खाते. जिथं निप्पल आहेत तिथं ग्रीस पंप मारायचा. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी सोडायचं. उन्हाळ्यात एअर फिल्टर काढून झटकायचा, कारण कापसाच्या हंगामानंतर पांदणीची धूळ पिठासारखी बारीक होते.

त्या फजितीनंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गाडी आखाड्याच्या कच्च्या वाटेवर नेतो. फोर-हायमध्ये किलोमीटरभर सरळ जातो, थांबतो, फोर-लो टाकतो, सावकाश परत येतो. 'खट्' ऐकू येईपर्यंत खिडकी उघडी ठेवतो. परवा उस्तादांनी मागच्या हाउसिंगचा लेव्हल बोल्ट सैल केला आणि आतलं ऑइल बोटावर घेऊन उन्हात धरलं. वापरून काळपट झालेलं, पण पाण्याचा मागमूस नव्हता. त्यांनी बोट बनियनला पुसलं आणि बोल्ट परत आवळला.