ओळख पटते, नाव कळत नाही

समोर मालट्रक आडवा आहे. त्याच्याही पुढच्या मोटारीने करकचून ब्रेक लावला, ते तुम्हाला दिसलेलंच नाही. अशा वेळी ती मोटारच आसपासच्या गाड्यांना रेडिओवरून कळवते. २०१९मध्ये युरोपात आलेल्या आठव्या पिढीच्या फोक्सवागन गोल्फमध्ये ही सोय आहे. तिच्याविषयी बोलणं निघालं की पहिली शंका ठरलेली: मग कुणीही बाहेरून माझी गाडी वळवेल!

या भीतीमागे बहुधा २०१५चं जीप चेरोकी प्रकरण असतं. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हालासेक या संशोधकांनी दूर बसून धावत्या जीपचा ताबा घेतला. पुढे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पण ते शिरले होते मोबाइल नेटवर्कला जोडलेल्या मनोरंजन यंत्रणेतून. गाड्या एकमेकींना आज्ञा देत नाहीत. आपली जागा, वेग, दिशा, ब्रेक एवढंच त्या सेकंदाला दहा वेळांपर्यंत कळवतात. अर्थात हा रेडिओही आत शिरायची एक वाट ठरू शकतो, म्हणून तो ब्रेक-स्टिअरिंगच्या तारांपासून जपूनच वेगळा ठेवावा लागतो.

सुरक्षित म्हणजे गुप्त, हाही एक पक्का समज. खरं तर हे संदेश उघडे असतात. धोक्याची हाक कुणा अनोळखी गाडीलाही तत्क्षणी कळायला हवी. कुलूप लावलं तर किल्ली कुणाकुणाला देणार? त्याऐवजी प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असते. वाटेत कुणी एक आकडा जरी बदलला, तरी सही जुळत नाही.

सही आहे म्हणजे मालक ओळखता येईल, असं वाटणं साहजिक आहे. इथेच या रचनेतली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. अमेरिकेत आखलेल्या व्यवस्थेत गाडीला एका आठवड्यासाठी साधारण २० तात्पुरती प्रमाणपत्रं मिळतात. त्यांवर ना नाव, ना नंबरप्लेट. गाडी ती आलटून-पालटून वापरते, आठवडा सरला की ती रद्दी. ही प्रमाणपत्रं देण्याचं कामही मुद्दाम वाटून दिलेलं आहे: अर्ज घेणाऱ्या यंत्रणेला गाडी माहीत असते, पण तयार प्रमाणपत्र तिला वाचता येत नाही, ते बनवणाऱ्या यंत्रणेला गाडी कोणती हे कळत नाही. तरीही निर्मनुष्य रस्त्यावर एकट्या गाडीने प्रमाणपत्र बदललं, तर माग काढणारा फारसा फसत नाही. गर्दीत केलेला बदलच खरा लपतो.

आणि सही खरी म्हणजे मजकूर खरा? नाही. संदेश मान्यताप्राप्त यंत्राकडून आला आणि मध्ये बदलला नाही, एवढंच सही सांगते. बिघडलेलं जीपीएस चुकीची जागा अस्सल सहीनिशी पाठवू शकतं. मला हाच प्रश्न सर्वांत अवघड वाटतो. म्हणून ऐकणाऱ्या गाडीने संदेशातला मजकूर आपल्या कॅमेऱ्याशी, रडारशी ताडून पाहायचा, न जुळल्यास तक्रार नोंदवायची. तक्रारी खऱ्या ठरल्या की त्या गाडीची प्रमाणपत्रं रद्द यादीत जातात. मग ती कितीही ओरडली, तरी इतर गाड्या तिचं ऐकत नाहीत.