आक्षीच्या सुरूखाली बसून केलेली गणती

हिवाळ्यात शनिवार-रविवार अलिबागजवळच्या आक्षीला पक्षी बघायला जाताय? सकाळी सुरूच्या बनाच्या कडेला बसा. किनारा पश्चिमेला, त्यामुळे ऊन पाठीशी राहतं, आडोसा मिळतो, चिखल्या-तुतवारही फारसे बिचकत नाहीत. पण आकडे वहीत उतरवणार असाल तर आधी भरतीची वेळ बघा. ओहोटीला हे पक्षी ओल्या पुळणीवर चरत लांब पांगतात. भरती त्यांना तुमच्याकडे ढकलते. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. म्हणजे या शनिवारी सकाळी सातला भरती असेल, तर पुढच्या शनिवारी सातला जवळजवळ ओहोटी! मग आकडा घसरला म्हणून ‘पक्षी कमी झाले’ असं प्रबंधात लिहाल, आणि परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतील: पाणी कुठे होतं?