निकालाच्या टक्क्यांबरोबर समुपदेशकाचंही विचारा

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड इथल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांत मुलं-मुली एकत्र शिकतात. त्यांच्या गुणांची काळजी सगळेच करतात, मनाची फार थोडे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. वर्गशिक्षक असताना वेगळा माणूस कशाला, असं काहींना वाटतं. पण जो गुण देतो आणि पालकसभेत तक्रार मांडतो, त्याच्यापुढे मूल आपली भीती सहसा उघड करत नाही. आणि धास्तावलेल्या मुलाचं गणितात लक्ष लागत नाही, म्हणून समुपदेशनाचा तास अभ्यासाच्याच कामी येतो.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. दुष्काळाच्या वर्षी इथे फीसुद्धा थकते. तरी लहान शाळांना बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घेण्याची वाट त्याच आदेशात आहे, आणि १४४१६ या क्रमांकावरची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा २०२२ पासून मोफत आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ मध्येच निषिद्ध ठरवले; ते थांबवायला पैसा लागत नाही. प्रवेश घेताना पालकांनी समुपदेशक कोणत्या दिवशी भेटतो, हेही विचारावं.