जपानी ‘उ’ : वाटतो तेवढा आपला नाही

शिवाजी विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात शिका किंवा घराजवळच्या एखाद्या खासगी वर्गात, जपानीचा पहिला धडा एकच असतो : अ, इ, उ, ए, ओ. कोल्हापूरच्या पोरांना इथंच हायसं वाटतं. क्रम बालवाडीपासून पाठ. पुढं क, स, त, न, ह, म, य, र, व अशी व्यंजनांची ओळ येते, तीही ओळखीची वाटते. मग वाटतं, हे तर आपलंच आहे. घोटाळा इथूनच सुरू होतो, आणि पाच स्वरांत सगळ्यात जास्त घोटाळा ‘उ’ हे अक्षर करतं.

गैरसमज : हे अक्षर भारतातून जपानला गेलं

क्रम गेला, अक्षर नाही. महायान बौद्ध मंत्र लिहिण्यासाठी ‘सिद्धम्’ ही ब्राह्मीच्या कुळातली लिपी चीनमार्गे जपानला पोचली. कुकाई हा भिक्षू 804 साली चीनला गेला, 806 साली परतला, आणि त्यानं आणलेल्या ग्रंथांबरोबर तिथं सिद्धम्‌चा अभ्यास रुजला. आपल्याकडं पंतोजींच्या शाळेत ‘ओनामासीधम’ म्हणून धुळाक्षरं गिरवायची पद्धत होती, त्यातला ‘सीधम’ आणि या लिपीचं नाव एकच. पुढं जपानी भिक्षूंनी आपल्या भाषेचे ध्वनी संस्कृत वर्णमालेच्या चौकटीत बसवले. अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, महामायूरी सूत्रावरच्या एका उच्चार-टीकेत अशा तक्त्याचा जुना नमुना सापडतो. त्यात स्वरांचा क्रम अजून पक्का झालेला नाही. अ-इ-उ-ए-ओ नंतर स्थिरावलं.

व्यंजनांच्या ओळीत दोन ठिकाणी मात्र आपण अडखळतो. क नंतर च हवा, तिथं स. न नंतर प हवा, तिथं ह. पण आजच्या ‘ह’च्या जागी जुन्या जपानीत ‘प’ होता, आणि ‘स’चा उच्चारही तेव्हा च-त्सच्या जवळचा असावा असं भाषाअभ्यासक मानतात. म्हणजे तक्ता बरोबर होता, उच्चार सरकले.

अक्षराचा आकार मात्र शंभर टक्के चिनी आहे. ‘उ’ असा उच्चार असलेलं एक चिनी चिन्ह होतं : वर छप्पर आणि खाली ध्वनी सांगणारा भाग. ते भरभर, वळणदार लिहिता लिहिता हिरागाना या जपानी लिपीतला ‘उ’ झाला : माथ्यावर एक छोटा फटकारा आणि खाली कानाच्या पाळीसारखा वळलेला एकच बाक. काताकाना या दुसऱ्या जपानी लिपीतला ‘उ’ कोनदार आहे, कारण तो त्या चिन्हाचं नुसतं छप्पर उचलून केला. आजही जपानी मुलं चिनी चिन्हांच्या माथ्यावरच्या त्या छपराला ‘उचा मुकुट’ अशाच अर्थाच्या नावानं ओळखतात. या लिप्या कुकाईनं शोधल्या ही दंतकथा. अनेक हातांनी झिजून त्या घडल्या. आणि दोन्हींचं मिळून असलेलं ‘काना’ हे नाव आपल्या काना-मात्रेतून आलेलं नाही. तो निव्वळ योगायोग.

गैरसमज : काना म्हणजे जपानी बाराखडी

आधी आपल्या बाराखडीची युक्ती पाहू. कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकात एका बौद्ध स्तूपातून अस्थिमंजूषा निघाली. तिच्यावर ब्राह्मीत कोरलंय की हे बम्हाचं दान आहे आणि ते धमगुतानं करवलं. या ‘धमगुत’मधला ‘गु’ पाहा. ‘ग’ तोच ठेवून त्याला उकाराची छोटी रेघ जोडली की काम झालं. दोन हजार वर्षांत वळण बदललं, युक्ती बदलली नाही : आजही आपण ‘ग’ला उकार देतो.

कानात ही युक्तीच नाही. ‘कु’ हे वेगळं अक्षर, ‘सु’ वेगळं, ‘मु’ वेगळं, आणि यांपैकी कशातही ‘उ’चा अंशही दिसत नाही. ‘क’ आणि ‘कु’ शेजारी ठेवले तर ते एका घरातले आहेत हेही कळत नाही. त्यामुळं पाच स्वर पाठ केले म्हणजे बाकीचं आपोआप येईल या भरवशावर राहिलेला विद्यार्थी दुसऱ्या आठवड्यात हवालदिल होतो. तक्ता वर्णमालेसारखा, पण प्रत्येक घरातलं अक्षर स्वतंत्र पाठ करायचं.

गैरसमज : उच्चार आपल्या ‘उ’सारखाच

आपण ‘उ’ म्हणताना ओठांचा चंबू करतो. जपानी माणूस ओठ पुढं काढत नाही, ते जवळ आणून ‘उ’ म्हणतो. कोल्हापुरी ठसक्यात म्हटलेला ‘उ’ तिथं समजतो, पण परका वाटतो.

दुसरी गोष्ट, हा स्वर पुष्कळदा गायबच होतो. वाक्याच्या शेवटी लिहायचं ‘देसु’, ऐकू येतं ‘देस’. क, स, त, ह, प यांसारख्या अघोष व्यंजनांच्या मधे सापडला की ‘उ’ दबतो : आवडतं या अर्थाचा ‘सुकी’ हा शब्द ‘स्की’ ऐकू येतो. ‘सुझुकी’त तसं होत नाही, कारण ‘झ’ घोष आहे. तिथले दोन्ही उकार शाबूत. ओसाका-क्योतोकडचे लोक मात्र एरवी दबणारे उकारही बरेचदा स्पष्ट म्हणतात, म्हणजे प्रमाण उच्चार तोक्योचा. लिहिलेला स्वर न बोलणं आपल्याला नवं नाही, आपणही ‘राम’ लिहितो आणि ‘राम्’ म्हणतो. फरक एवढाच की जपानीत आवाज गेला तरी त्या अक्षराला लागणारा वेळ तसाच राहतो.

गैरसमज : ह्रस्व-दीर्घानं काय बिघडतं?

आपल्याकडं खरंच फारसं बिघडत नाही. ‘कोल्हापूर’मधला पू दीर्घ, ‘कोल्हापुरी’ म्हटलं की ह्रस्व. अर्थ जागच्या जागी. सुत आणि सूत अशा मोजक्या जोड्या सोडल्या तर ह्रस्व-दीर्घ हा शुद्धलेखनाच्या पेपरातला विषय, आणि तिथंही मार्क जाण्यापुरताच. जपानीत ‘युकी’ म्हणजे बर्फ आणि ‘यूकी’ म्हणजे धैर्य. ‘कोको’ म्हणजे इथं, ‘कोओकोओ’ म्हणजे उच्च माध्यमिक शाळा.

आता या शेवटच्या शब्दाचं लेखन बघा : को-उ-को-उ. नवखा विद्यार्थी तो ‘कौकौ’ वाचतो. वास्तविक ओकारापाठोपाठ आलेला ‘उ’ बहुतेक वेळा उकार म्हणून वाचायचाच नसतो, तो फक्त आधीचा ‘ओ’ लांबवतो. ज्याला आपण टोकियो म्हणतो ते कानात तो-उ-क्यो-उ असं लिहितात, म्हणतात तोओक्योओ. एका शहराच्या नावात दोन ‘उ’, आणि एकाचाही उच्चार उ नाही.

मग लांब ‘ओ’साठी नेहमी ‘उ’च लिहायचा? तेही नाही. ओसाका हे ओ-ओ-सा-का. बर्फाचा तुकडा, मोठा, लांबचा, रस्ता अशा अर्थाच्या नेहमीच्या शब्दांतही ‘ओ’ला ‘ओ’च जोडतात. कारण इतिहासात आहे. नोव्हेंबर 1946 मध्ये जपान सरकारनं उच्चाराला जवळचे नवे लेखननियम लागू केले. त्याआधी ‘क्योओ’, म्हणजे आज, हा शब्द चक्क ‘के-फु’ असा लिहीत. नव्या नियमांत जिथं जुन्या लेखनात ‘हो’ किंवा ‘वो’ होतं तिथं ‘ओ’ ठेवला, बाकी ठिकाणी ‘उ’ आला. ओसाका पूर्वी ओ-हो-सा-का होतं. आपली मराठी लेखनाची नियमावली 1962 ची. दोन्हीकडं नियम सोपे करायला गेलं की अपवादांची यादी पाठ करावी लागते.

आपल्या नियमानं एक गंमतही केलीय. मराठीत शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ, म्हणून वर्तमानपत्रात रोज ‘सुडोकू’ छापून येतं. जपानीत ते सू-दो-कु : पहिला दीर्घ, शेवटचा ह्रस्व, आणि ‘उ’ हे अक्षर दिसतं ते ‘सु’च्या पाठीमागं. आपण बरोबर उलटं केलं. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या ‘हायकू’चंही तेच, मूळ शब्द हा-इ-कु. ‘हायकू’ आणि ‘सुडोकू’ आता मराठी शब्द आहेत, ते मराठी नियमानंच लिहावेत. फक्त त्यावरून जपानी उच्चार ठरवू नये.

हायकूतले पाच-सात-पाच ही आपली ‘अक्षरं’ नव्हेत, हेही यातूनच निघतं. ते आपल्या मात्रावृत्तांतल्या मात्रांच्या जवळ जातं. तोक्यो हे आपल्या हिशेबानं दोन अक्षरांचं नाव, हायकूत चार जागा खातं, कारण लांबवणाऱ्या दोन्ही ‘उ’ची स्वतंत्र मोजदाद होते.

गैरसमज : ‘व’साठी ‘उ’वर टिंबं दिली की झालं

काताकानातल्या ‘उ’ला दोन छोट्या रेघा देऊन इंग्रजी व्ही दाखवायची सोय आहे खरी, पण बोलताना बहुतेक जपानी तिथं ‘ब’च म्हणतात. एप्रिल 2019 पासून जपान सरकारनं परदेशांच्या अधिकृत नावांतून हे चिन्ह काढूनच टाकलं. ‘वैभव’चा तिकडं ‘बाइबाबु’ झाला तर रागवू नये.

गैरसमज : उकार ऐकू आला की ‘उ’ लिहायचा

परकी नावं काताकानात लिहितात आणि तिथं स्वर लांबवायला ‘उ’ नाही, एक आडवी रेघ वापरतात. कोल्हापूर असं लिहिता येईल : को, रु, हा, रेघ, पु, रेघ, रु. ‘ल’ला अक्षर नाही, म्हणून ‘र’. ल् आणि र् असे पाय मोडून लिहायची सोय नाही, म्हणून दोन्हींना उकार. तीन उकार झाले, त्यांतला एक लांब, पण ‘उ’ हे अक्षर त्यात एकदाही येत नाही. हेच नाव वरून खाली लिहायचं झालं तर आडवी रेघ उभी करायची. ती तशीच आडवी ठेवली तर चिनी एकाचा आकडा म्हणून वाचली जाऊ शकते.