साधा मजकूर, नेटकी छपाई : ११
आकृती पाहावी, तक्ता पाहावा

आज ग्रंथसूचीचा वार होता, पण ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो. कारण सोलापूरच्या एका जीवशास्त्राच्या शिक्षिकेचं पत्र. त्या लिहितात, ‘लाटेकच्या दोन फेऱ्या केल्या, प्रश्नचिन्हं गेली. पण हृदयाच्या चित्राखाली २.३ आहे आणि मजकुरात मात्र “आकृती २.१ पाहावी” असं येतं. यंत्र खोटं बोलतंय का?’

यंत्र बिचारं खरंच बोलतंय. बाईंनी लेबल कॅप्शनच्या आधी लिहिलंय. आकृतीचा क्रमांक पडतो तो कॅप्शनच्या आज्ञेत. नुसती आकृतीची चौकट उघडल्याने पडत नाही. आणि लेबलला आकृती-बिकृती काही कळत नाही. त्या जागी जो क्रमांक चालू असेल, तो ते आपल्या नावावर मांडून घेतं. कॅप्शन अजून आलेलं नाही, म्हणजे चालू क्रमांक त्या विभागाचा, २.१. लेबल कॅप्शनच्या खाली न्या, फेऱ्या पुन्हा करा, काम झालं.

या चुकीचा त्रास असा, की तिचा इशारा मिळत नाही. लेबल सापडलं नाही तर निदान ‘??’ डोळ्यांत खुपतं. इथे सगळं कसं शहाण्यासारखं दिसतं. माझ्या एका पुस्तिकेत अशा चार आकृत्या छापून गेल्या. मुद्रितं मीच तपासली होती.

त्याच पत्रात दुसरा प्रश्न आहे, आणि तो माझा लाडका : ‘“आकृती” हा शब्दही यंत्रानेच का घालू नये?’

घालतं की. लाटेकचं क्लेव्हररेफ हेच करतं. इंग्रजीत ते खपतं, कारण तिथे चित्र असो वा तक्ता, पुढचं क्रियापद जागचं हलत नाही. आपल्याकडे आकृती पाहावी लागते, तक्ता पाहावा लागतो आणि प्रकरण पाहावं लागतं. उद्या बाईंनी चित्र काढून तिथे तक्ता टाकला, की छापलं जाणार : ‘तक्ता २.३ पाहावी’. शिवाय ‘तक्त्यात’, ‘तक्त्यावरून’ ही रूपं त्या पॅकेजने आणायची कुठून?

म्हणून माझा शिरस्ता : क्रमांक यंत्राचा, शब्द माझा, आणि दोघांच्या मध्ये साध्या जागेऐवजी टिल्ड. टिल्डमुळे ‘आकृती’ ओळीच्या टोकाला आणि ‘२.३’ पुढच्या ओळीत, अशी ताटातूट होत नाही.

प्रत्ययाचं काय? लाटेकमध्ये रेफचा महिरपी कंस मिटला की त्याला चिकटून खुशाल ‘मध्ये’ लिहा. स्फिंक्सवाल्यांनी मात्र जपावं. तिथल्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये संदर्भ उलट्या अवतरणचिन्हाने मिटतो, आणि त्या चिन्हाला लागून अक्षर आलं तर संदर्भ मिटल्याचं ओळखलंच जात नाही. त्या नियमाला पुढे मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवं असतं. शब्दाला प्रत्यय चिकटवणारी आपली भाषा तिथे अडते. उपाय सोपा आहे : चिन्हानंतर एक बॅकस्लॅश, मग एक मोकळी जागा, मग ‘मध्ये’. छापताना बॅकस्लॅश आणि जागा दोन्ही गळून पडतात आणि प्रत्यय क्रमांकाला जाऊन चिकटतो.

मार्कडाउनवाले विचारतील, आमचं काय? ग्रूबरने २००४ मध्ये मार्कडाउन आणलं तेव्हा त्यात आकृत्यांना क्रमांक देण्याची सोयच नव्हती. पॅनडॉकला क्रॉसरेफचा फिल्टर जोडून ती मिळते. पण तोही ‘आकृती’ हा शब्द आपणहून घालू पाहतो, तेव्हा आधी त्याला गप्प करा.

ग्रंथसूची पुढच्या आठवड्यात. तोवर बाईंनी आपली सगळी लेबलं कॅप्शनखाली आहेत ना, ते पाहावं.