पायचीतचा पेच आणि पंचांची नजर

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आधी विदर्भ क्रिकेट संघटनेचे जामठ्याचे मैदान लागते आणि बुटीबोरी मागे टाकून तोच रस्ता समुद्रपूर तालुक्यातील जामच्या चौरस्त्यावर येतो, जिथून चंद्रपूरची वाट फुटते. वर्धा जिल्ह्याच्या या भागातील क्रिकेटप्रेमींना हेच आंतरराष्ट्रीय मैदान जवळचे असून, पंचांच्या हातून चूक का होते आणि ती झाल्यावर काय करावे, या दोन्ही प्रश्नांचा विचार करायला लावणारा एक निर्णय तेथेच दिला गेला आहे.

२९ जानेवारी २०१७ रोजी भारत आणि इंग्लंड यांच्यातील ट्वेन्टी-२० मालिकेचा दुसरा सामना जामठ्याला झाला. कानपूरचा पहिला सामना इंग्लंडने जिंकलेला असल्यामुळे येथे जिंकल्यास मालिकाच त्यांच्या हाती जाणार होती. भारताच्या १४४ धावांचा पाठलाग करताना इंग्लंडला शेवटच्या षटकात आठ धावा हव्या होत्या आणि ३८ धावांवर खेळणारा जो रूट फलंदाजीस होता. जसप्रीत बुमराहच्या पहिल्याच चेंडूवर पायचीतचे अपील झाले आणि पंच सी. शमशुद्दीन यांनी बोट वर केले; परंतु चेंडू पॅडवर आदळण्यापूर्वी बॅटची आतली कड घेऊन गेला होता, हे दूरचित्रवाणीवरील पुनर्दृश्यात स्पष्ट दिसले. बुमराहने त्या षटकात केवळ दोन धावा दिल्या आणि भारताने सामना पाच धावांनी जिंकला. इंग्लंडचा कर्णधार इऑन मॉर्गन याने उघडपणे नाराजी व्यक्त केली आणि पुढे बंगळुरूच्या सामन्यात शमशुद्दीन मैदानावर उभे राहिले नाहीत.

या निर्णयाकडे निव्वळ एका माणसाची गफलत म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. पायचीत म्हणजे फलंदाजाच्या शरीराने अडवला नसता तर चेंडू यष्ट्यांवर गेला असता, असा पंचाने काढलेला निष्कर्ष होय. म्हणजेच जे घडलेच नाही त्याविषयी येथे निवाडा द्यावयाचा असतो. गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेच्या आत पडला की नाही हे त्या काळी मैदानावरील पंचालाच पाहावे लागे आणि तेथून नजर उचलून चेंडू लेग यष्टीच्या बाहेर तर पडला नाही ना, पॅडला कोठे लागला, त्याआधी बॅटला लागला का, तो किती उसळला असता, हे सारे त्याने ताडावयाचे असे. ताशी १४० किलोमीटर वेगाच्या चेंडूला फलंदाजापर्यंत पोहोचण्यास अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. बॅटची बारीक कड डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक ओळखली जाते आणि शेवटच्या षटकात गर्जणाऱ्या प्रेक्षागारात तो हलका आवाज विरून जातो. एवढ्या मर्यादांमध्ये बहुसंख्य निर्णय बरोबर ठरतात, हेच खरे तर पंचांच्या कसबाचे प्रमाण मानले पाहिजे.

जामठ्यातील खरी उणीव दुसरीच होती. पंचांच्या निर्णयाचा फेरविचार मागण्याची पद्धत, जिला सर्वजण डीआरएस म्हणतात, तिची पहिली चाचणी २००८ साली भारताच्या श्रीलंका दौऱ्यातच झाली होती आणि दीर्घ विरोधानंतर भारतीय मंडळाने २०१६ च्या अखेरीस इंग्लंडविरुद्धच्या कसोटींसाठी ती स्वीकारलीही होती. म्हणजे इंग्लंडच्या त्याच दौऱ्यातील कसोटी सामन्यांत रूटला तिसऱ्या पंचाकडे दाद मागता येत होती, ट्वेन्टी-२० मध्ये मात्र नाही. आंतरराष्ट्रीय ट्वेन्टी-२० सामन्यांसाठी ही सोय ऑक्टोबर २०१७ पासून झाली. या पद्धतीतही यंत्राचा शब्द सर्वस्वी अखेरचा नसतो: यंत्राच्या अंदाजानुसार चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागत असेल, तर मैदानावरील पंचाचाच कौल कायम राहतो. यंत्राचा अंदाजही अंदाजच असल्याने ही तरतूद योग्यच म्हणावी लागेल.

दाद मागण्याची सोय हवी, हा धडा बेसबॉललाही असाच महागात मिळाला. या खेळात गोलंदाजाने सलग २७ फलंदाजांपैकी एकालाही पहिल्या तळापर्यंत पोहोचू न देता सामना संपवणे ही अतिशय दुर्मीळ कामगिरी समजली जाते. २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे अर्मांडो गॅलारागा याने २६ जण बाद केल्यानंतर सत्ताविसावा फलंदाज स्पष्टपणे बाद असताना पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवले. चित्रफीत पाहताच जॉइस यांनी चूक कबूल केली, गॅलारागाने ती मोठ्या मनाने स्वीकारली, तरीही नोंद बदलली गेली नाही. कारण फेरतपासणीची मुभा तेव्हा फक्त होमरनपुरती होती. ती व्यापक झाली २०१४ मध्ये.

दाद मागण्याचा मार्ग नसला, किंवा असूनही त्यावर खेळाडूचा विश्वास नसला, की रोष थेट पंचावर निघतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट ठरवल्या गेलेल्या शिवराज राक्षेने आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते असा दावा केला आणि संतापाच्या भरात पंचाला लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. लाथ कोणत्याही परिस्थितीत असमर्थनीयच. परंतु सर्वांसमोर चित्रफीत पाहून तेथल्या तेथे निकाल पक्का करण्याची रीत आखाड्यात रुजेपर्यंत पंच असुरक्षितच राहणार आहेत.

यंत्रे नव्हती तेव्हा हा मार्ग कधीकधी खेळाडूच काढून देत. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडे मैदानावर बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिले असता भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याने त्याला परत बोलावले. त्या डावात ५८ धावांत निम्मा संघ गमावलेल्या इंग्लंडला टेलर-बोथम जोडीने सावरले आणि भारत तो सामना हरला.

गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांत ना कॅमेरे असतात ना तिसरा पंच, आणि पुष्कळदा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच एखादा खेळाडू पंच म्हणून उभा असतो. अशा सामन्यांत बहुधा पायचीत धरतच नाहीत. जो निवाडा साध्या डोळ्यांनी खात्रीने देता येत नाही आणि ज्यावर दादही मागता येत नाही, तो नियमांतूनच वगळून खेळाडूंनी भांडणाचे कारण आधीच काढून टाकलेले असते.