शाळा मुलांकडे गेली ती गोष्ट

महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणणारे दोन्ही शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेतले गेले, भाषा धोरणासाठी डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली आणि वाद तात्पुरता शमला. पहिलीपासून हिंदी नको, हे माझंही ठाम मत आहे. पण एवढ्या गदारोळात चर्चा झाली ती भाषा किती आणि कितवीपासून, एवढ्याचीच. वर्गात बसलेलं मूल घरी काय बोलतं, कुठली गाणी ऐकत वाढतं, हे फारसं कुणी विचारलं नाही. निदान मुंबईत तरी ते विचारायला हवं होतं. इथे महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालत आल्या आहेत. परळ-लालबागच्या गिरण्यांनी कोकणातली, घाटावरची, तेलुगू पद्मशाली विणकरांची, उत्तरेकडची कुटुंबं एकाच वस्तीत आणून सोडली. त्यांची पोरं शाळेत गेली, पण शाळा त्यांच्याकडे क्वचितच गेली.

शाळा अशी मुलांकडे नेण्याचं काम बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी केलं. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरी पद्धतीचे प्रयोग करून परतल्या आणि १९३६ साली त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार काढला. तो नावाजला. तिथेच थांबल्या असत्या, तरी त्यांचं नाव राहिलंच असतं. पण सुशिक्षित घरांतल्या मुलांपुरतं बालशिक्षण त्यांना पुरेसं वाटेना. १९४५ साली त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. त्याच वर्षी त्या भागातले वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. बाहेरून आलेल्या पांढरपेशांकडे तिथली माणसं कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना करता येते.

सोबत त्यांच्या सहकारी अनुताई वाघ होत्या. बालवाडी उघडली, पण पाड्यांवरची मुलं येईनात. येत नाहीत म्हणजे त्यांना शिकायचं नाही, असा निष्कर्ष काढून दोघी मोकळ्या झाल्या नाहीत. बालवाडीच पाड्यावर, घरापुढच्या अंगणात, अंगणवाडी म्हणून भरू लागली. महागड्या मॉन्टेसरी साहित्याच्या जागी बिया, शिंपले, खडे, पानं आली. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरतात म्हणून शाळेत येऊ शकत नाहीत, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच ठिकाणी आणले गेले. या एकत्रित शाळेलाच विकासवाडी म्हणत.

यातली कुरणशाळा मला सगळ्यांत मोठी वाटते. थोडी मोठी मुलं दिवसभर गुरं राखायची. आईबापांना पोटासाठी त्यांची मजुरी हवी होती. उपदेश करून ती सुटणारी नव्हती. मग शिक्षकच गुरांमागे कुरणात गेले. गुरं चरताहेत आणि मुलं तिथेच शिकताहेत. वेळापत्रक बदललं, जागा बदलली, साहित्य बदललं. मुलाचं जगणं मात्र चूक ठरवलं गेलं नाही. हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारणाऱ्या आपल्या व्यवस्थेला हे आजही जमलेलं नाही. आंघोळ, नखं, केस यांबाबतच्या त्या दोघींच्या आग्रहात मध्यमवर्गीय नजर होती, हेही म्हटलं पाहिजे. पण ती नजर घेऊन त्या पाड्यावर राहिल्या, शिकल्या आणि बदलल्या.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या. दोनच वर्षांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर नेली. पण तिथे पोषण आहार आणि नोंदवह्या यांनीच सेविकेचा दिवस खाऊन टाकला. आपण अंगणवाडी घेतली आणि तिच्यामागचं शिक्षणशास्त्र कोसबाडच्या टेकडीवरच ठेवलं. मुंबईच्या वस्त्यांत दहा बाय दहाच्या खोलीत अंगणवाडी भरते. तिथे भोजपुरी, तेलुगू, दखनी बोलणारी तीन-चार वर्षांची मुलं शेजारी शेजारी बसतात. पहिलीच्या कितीतरी आधी मराठीशी त्यांची ओळख होते ती इथे. मराठी रुजवायची असेल तर पैसा आणि प्रशिक्षण आधी इथे यायला हवं, कारण जी सेविका मुलाच्या घरची दोन गाणी शिकून घेते, तिची मराठी ते मूल लवकर आपली मानतं.

भाषा धोरण ठरवणाऱ्यांनी तज्ज्ञांबरोबर या सेविकांनाही बोलवावं. आणि पहिलीच्या शिक्षिकांना एवढं तरी विचारावं: तुमच्या वर्गातल्या मुलांच्या घरी कोणकोणत्या भाषा बोलतात, आणि त्यांतल्या कोणत्या तुम्हाला कळतात?